नाथा भामरे यांचा घरातला आवाज

दाखला देण्यात येतो की, नामे नाथा केदू भामरे, मूळ राहणार नामपूर, तालुका बागलाण, हल्ली मुक्काम म्हसरूळ, नाशिक, धंदा कांद्याच्या लिलावात बोली पुकारणे, हे इसम एका पत्नीचे पती व दोन सज्ञान अपत्यांचे पालक असून सदर घराचे कुटुंबप्रमुख आहेत. घरातील लहानमोठी प्रत्येक बाब प्रथम त्यांच्या निदर्शनास आणली जाते व त्यांच्या संमतीनेच निकाली काढली जाते. त्यांचा आवाज मोठा असला तरी वर्तणूक चांगली आहे. गेल्या गुढीपाडव्यापासून तर विशेषच चांगली आहे. सबब मागणीवरून हा दाखला दिला असे.

मागणी कुणी केली नव्हती. पण केली असती, तर नाथाने हा दाखला स्वतःच्या हाताने लिहून दिला असता, आणि त्यातल्या एकाही शब्दाबद्दल त्याला शंका वाटली नसती. निदान श्रावण संपेपर्यंत तरी नाही.

आवाज हे नाथाचं भांडवल. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, की ट्रॉलीच्या कडेवर एक पाय रोवून तो उभा राहतो, खाली व्यापाऱ्यांचा घोळका, आणि मग त्याचा पुकारा सुरू होतो. तो हायवेवरच्या चहावाल्याला ऐकू येतो. चहावाला त्यावरून दूध चढवायची वेळ ठरवतो. लिलावाचा नियम साधा आहे. व्यापारी भाव चढवत जातात, चढवणारे थांबले की नाथा शेवटचा भाव तीनदा पुकारतो, आणि तिसऱ्यांदाही कुणी तोंड उघडलं नाही की माल गेला. कुणी 'हो' म्हणावं लागत नाही. गप्प राहणं हाच होकार. उभी हयात या नियमावर काढल्यावर माणूस तो घरी घेऊन आला, यात नवल नाही.

"रविवारी गडावर जायचं का?" तो हॉलमधून विचारी. स्वयंपाकघरातून उत्तर येत नसे. "जायचं का? जायचं का गं? बरं, जायचं." आणि रविवारी भामरे कुटुंब सप्तशृंगीच्या पायऱ्या चढत असे. योगेशने डिप्लोमाला मेकॅनिकल घ्यायचं हेही याच पद्धतीने ठरलं होतं. हॉलचा रंगही. कुणाची तक्रार नव्हती, म्हणजे सगळ्यांना मान्य होतं.

बिघडलं ते हिवाळ्यात. आरोही बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होती. जेवताना ती म्हणाली, "पप्पा, हैदराबादची एक कंपनी येतेय कॉलेजला. मी मुलाखत देऊ?"

यावर नाथा जे बोलला त्याचा मथितार्थ एवढाच होता की सातपूर-अंबडला कंपन्या काय कमी आहेत, आणि एकटी पोरगी तिकडे राहणार कुठे. काळजीचंच बोलणं होतं. पण ते ज्या पट्टीत बाहेर पडलं, त्या पट्टीत काळजी ओळखू येत नाही. वरच्या मजल्यावरच्या लताबाई हातात लाटणं घेऊन खाली आल्या. त्यांना वाटलं, चोर शिरला. लताबाईंना परत पाठवून नाथा ताटावर येऊन बसला, पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि आरोहीने वाक्याच्या मध्यावर कानात हेडफोन घातला. रागाने नाही. बसमध्ये शेजारचा फार बोलायला लागला की घालतात तसा.

लिलाव चालू असताना व्यापारी पाठ फिरवून निघून जावा, हा अनुभव नाथाने आजवर घेतला नव्हता.

त्या दिवसापासून आरोहीचं त्याच्याशी बोलणं म्हणजे "हो पप्पा", "नाही पप्पा" आणि "ठेवलंय पप्पा". भांडण नाही, रुसवा नाही. रुसवा असता तर काढता आला असता. नाथाला आठवायचं, शाळेतून आणताना ती मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसायची आणि मेरी कॉलनीपासून घरापर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. कुणी कुणाची कंपासपेटी लपवली, कुठल्या बाई गरोदर आहेत, डब्यात आलेली गवार कुणाला दिली. हँडलवर वाकून तो फक्त "मग?" म्हणायचा. त्याला तेवढंच परत हवं होतं. तिने आपणहून यावं, समोर बसावं आणि म्हणावं, पप्पा, एक सांगायचंय. ते काय असेल याला त्याची हरकत नव्हती. निदान नसेल असं त्याने ठरवलं होतं.

म्हणून पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर, कडुलिंबाचा पाला आणि गूळ तोंडात असतानाच, नाथाने जाहीर केलं, "आजपासून या घरात मी आवाज चढवणार नाही."

हे वरच्या मजल्यावर लताबाईंनाही स्पष्ट ऐकू गेलं.

व्रत अवघड होतं. आवाज चढवायचा नाही हे ठरवणं सोपं, पण नाथाला उतरवायचा कसा हेच ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे एकच आवाज होता. पहिल्या आठवड्यात तो इतकं हळू बोलला की घरातले दर वाक्याला "काय म्हणालात?" विचारत, आणि तेच तेच सांगताना चौथ्या खेपेला आवाज आपोआप वर जाई. मग त्याने युक्त्या शोधल्या. संध्याकाळी घरी आला की पार्किंगमध्ये हेल्मेट न काढता थोडा वेळ उभा राही आणि आत जे काही दिवसभराचं साठलं असेल ते काचेआड पुटपुटून टाकी. बोलायचं ते बसून बोले, कारण उभं राहिलं की त्याला ट्रॉली आठवे. राग आलाच तर गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घाली. वैशाखात ती तुळस सडली.

बाजारात ही बातमी लपली नाही. हमालांच्या टोळीचा म्होरक्या पुंजा त्याला दिसेल तिथे छेडू लागला.

"काय नाथाभाऊ, आज आवाज लय मवाळ यायलाय. वहिनीनी घरी ठेवून घेतला का काय?"

"पुंजा, घरात आवाज चढवायचा नसतो. मी सोडलं ते."

"सोडलं? आन मंग तुमी घरी आले ते घरच्यांना कळतं कसं?"

"हस, हस. तूही सोडून बघ. घरात शांतता नांदते."

"आमच्यात मी बोलतच नाय, भाऊ. सगुणाबाई बोलती. शांतता काय नाय नांदत."

पण नाथाच्या घरी खरोखरच शांतता नांदू लागली होती. एप्रिल गेला, मे गेला. पूर्वी आठवड्याला एखादं तरी निमित्त निघायचं. आता निघेनासं झालं. गॅस ऐन वेळी संपेना. मोटारीचं पाणी वाहून जाईना. योगेशचा निकाल लांबला होता, पण तो बोर्डाने लांबवला होता. त्यात कुणाचा दोष नव्हता. स्कूटी बरेच दिवस गॅरेजला होती, ती सर्व्हिसिंगला. मे महिन्यात सरिता दोन-तीन दिवस नामपूरला गेली, नाथाच्या बहिणीकडे, अक्काबाईच्या सुनेचं डोहाळजेवण होतं म्हणून. नाथाने मागे घर सांभाळलं. खिचडी करपली, तरी तो कुणाला काही बोलला नाही. परत आल्यावर सरिता थकलेली दिसली. प्रवासाचं ऊन, तो म्हणाला, आणि स्वतः उठून तिला लिंबाचं सरबत करून दिलं. ग्लास हातात घेऊन सरिता त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. नाथाला वाटलं, ती विरघळली.

या सगळ्याचं श्रेय त्याने व्रताला दिलं. माणूस शांत झाला की घरही शांत होतं, असं तो आता लिलाव संपल्यावर चहाच्या टपरीवर दोन-चार जणांना समजावून सांगू लागला. एक-दोघांनी प्रयोग करून पाहिला. एकाची बायको त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

जुलैत एक दिवस आरोहीने त्याला चहा आणून दिला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही खूप बदललात हं."

नाथाने चहा खाली ठेवला. पुढचं वाक्य येईल म्हणून तो थांबला. "मग?" म्हणावं की न म्हणावं याचा विचार करेपर्यंत ती आत गेली होती. तरी त्या दिवशी पार्किंगमधल्या वॉचमनला त्याने विनाकारण द्राक्षाच्या मनुकांचं पाकीट दिलं.

श्रावणातल्या एका रविवारी आरोहीनेच मिसळ खायला जायचं काढलं. मखमलाबाद रस्त्यावर मळ्यातल्या मांडवाखाली चौघं बसले. पापड आले, दही आलं, काळ्या मसाल्याचा रस्सा आला. आरोही पापडाचे तुकडे करत होती, खात नव्हती. मग तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, एक सांगायचं होतं."

पाडव्यापासून नाथा या वाक्यासाठी जगत होता. आता चूक व्हायला नको. त्याने चमचा खाली ठेवला, पाठ ताठ केली, दोन्ही हात टेबलावर जोडून ठेवले, नाकाने लांब श्वास घेतला आणि चेहरा जितका शांत करता येईल तितका शांत केला.

आरोहीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"रस्सा," ती म्हणाली, "जरा तिखटच आहे ना आज?"

"आहे," नाथा हळुवारपणे म्हणाला. "दही घे."

योगेशने बळेच जिलेबी मागवली. सरिता रस्त्यावरच्या गाड्या बघत बसली. घरी येताना नाथा समाधानी होता. पोरगी रश्श्याचं का होईना, सांगू लागली होती.

त्याच आठवड्यात नामपूरला अक्काबाईच्या नातवाचं बारसं निघालं. सरिता जायची होती, तिचं ऐन वेळी डोकं दुखायला लागलं; म्हणून नाथा बाजारात रजा टाकून एकटाच एसटीने गेला. घुगऱ्या वाटून झाल्या, नाव ठेवून झालं, बायका पांगल्या. अक्काबाई वयाने मोठी, तिची अहिराणी गावाबाहेर कधी गेली नाही आणि नाथाची पिंपळगावात पुसट झालेली. ती आतून एक फुगलेलं गाठोडं घेऊन आली.

"हाई आरोहीले दे. गोधडी शे. तठे लई थंडी ऱ्हास म्हणतस."

"कोठे?"

"बद्दीले! आनि कोठे?" अक्काबाई म्हणाली. मग भावाचा चेहरा बघून ती थांबली. "तुले कोनी सांगं नही का रे, भो?"

नाथा गाठोड्याकडे बघत होता.

"सरितानी सांगेल व्हतं, रविवारलोंग त्यास्ले काही बोलू नका," अक्काबाई चाचरत म्हणाली. "पन रविवार तं व्हई गया ना!"

"माहीत शे ना," नाथा म्हणाला. "माले माहीत शे. मस्करी करी ऱ्हायनू."

अक्काबाईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलेली बाई सगळं सांगते. कंपनी औषधांची, गाव हिमाचलात, पोरींचं होस्टेल कंपनीजवळच, येत्या गुरुवारची गाडी. नाथा मान हलवत राहिला.

परतीच्या एसटीत गोधडी त्याच्या मांडीवर होती. सटाण्याला गर्दी चढली, कंडक्टर म्हणाला, "काका, ते वर टाका," पण वर जागा नव्हती. नाथाने गाठोड्याची गाठ जरा सैल करून आत पाहिलं. अक्काबाईच्या जुन्या पातळांचे तुकडे, मध्ये हिरवा चौकोन, आणि चारही बाजूंनी बारीक, एकसारखे, जवळजवळ घातलेले हातटाके. नामपूरच्या बायका अशी गोधडी शिवायला बसतात ती घरचं आवरून, दुपारच्या वेळात, रोज थोडी थोडी. ही दोन दिवसांत शिवून होत नाही. आठवड्यातही नाही. बोटाने तो टाक्यांवरून मागे मागे जात राहिला. गोधडीचा हा कोपरा शिवला तेव्हा जुलै असेल, आणि आरोही त्याला म्हणाली होती, पप्पा तुम्ही खूप बदललात. त्या कोपऱ्यापर्यंत जूनही लागत असेल. म्हणजे जूनमध्ये नामपूरला माहीत होतं.

देवळा गेलं, चांदवड गेलं. पिंपळगावला बस थांबली, तेव्हा चहावाल्याने खिडकीतून हात केला. नाथाने केला नाही.

तरीही म्हसरूळला पोचेपर्यंत त्याने ठरवलं होतं की आपण विचारायचं नाही. पोरीला संधी द्यायची. तिने स्वतः सांगितलं, तर मागचं सगळं सोडून द्यायचं. नामपूर, रविवार, टाके, सगळं. पार्किंगमध्ये तो थांबला नाही. पुटपुटण्यासारखं काही तोंडात येईना.

दार योगेशने उघडलं. नाथाने गाठोडं दिवाणावर ठेवलं. "अक्काने दिलंय," एवढंच म्हणाला. सरिताने गाठोड्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत उभी राहिली. डोकेदुखी थांबलेली दिसत होती.

नाथा बसला. "काय गं आरोही, काय विशेष?"

"काही नाही पप्पा. बारसं कसं झालं?"

"झालं." तो पाणी प्याला. "कॉलेज तर संपलं. पुढे काय ठरवलंस?"

"बघतेय पप्पा. अंबडला दोन ठिकाणी अर्ज दिलाय."

ती हे इतक्या सहज बोलली की क्षणभर नाथालाच वाटलं, अक्काचं काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. आवाज इतका हळू होता की पंख्याच्या आवाजात तो जेमतेम पोचला.

"आरोही, मला काही सांगायचं राहिलंय का?"

आरोहीने आईकडे पाहिलं. योगेशने मोबाइलकडे. सरिता म्हणाली, "जेवायला वाढू का?"

कुणीच काही बोललं नाही. लिलावात इथे माल जातो.

"वाढ," नाथा म्हणाला. "बद्दीला जेवण कसं असतं म्हणे?"

आरोही रडायला लागली. योगेश उठून पंखा बंद करून आला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सरिता खुर्ची ओढून नाथासमोर बसली.

"ओरडा," ती म्हणाली. "एकदाचं ओरडून घ्या."

"मी कुठे ओरडतोय? पाडव्यापासून एकदा तरी ओरडलोय का मी?"

"नाही ओरडलात."

"मग? मग का नाही सांगितलंत मला?"

"अहो, ओरडला नाहीत, कारण ओरडण्यासारखं काही आम्ही तुमच्यापर्यंत येऊच दिलं नाही."

नाथाला हे वाक्य पोचायला वेळ लागला. त्याने योगेशकडे पाहिलं. योगेशला वाटलं, आपली पाळी आली.

"स्कूटी सर्व्हिसिंगला नव्हती पप्पा. दिंडोरी नाक्याला दुधाच्या टेम्पोला ठोकली मी. मला काही झालं नाही." मग, सुटतंय तर सुटू दे अशा घाईने, "आणि निकाल लागलाय. दोन विषय राहिलेत."

"पाण्याच्या मोटारीवरून सोसायटीत माझं भांडण झालं," सरिता म्हणाली. "सेक्रेटरी घरी आले होते. लताबाईंनी मिटवलं."

"लताबाईंना माहीत आहे?"

"लताबाई म्हणाल्या, एवढं शांत झालंय बिचाऱ्याचं डोकं, कशाला परत तापवता."

"पप्पा, तुमचं इतकं छान चाललं होतं," आरोही हुंदके देत म्हणाली. "मला ते मोडायचं नव्हतं. रविवारी मी सांगणारच होते. पण तुम्ही तसा चेहरा केलात."

"कसा?"

"तो शांत वाला. भीती वाटते त्याची."

नाथाने आपल्या गालाला हात लावून पाहिलं. त्याला राग यायला हवा होता. तो आला असता तर सोपं झालं असतं. त्याऐवजी त्याच्या डोक्यात एकेक महिना उलटा उघडत होता. जून. मे.

"डोहाळजेवण कधी होतं?" त्याने विचारलं.

आरोहीचे हुंदके थांबले.

"सरिता, मे महिन्यात तू नामपूरला गेली होतीस ना?"

"काखेत गाठ होती," सरिता म्हणाली. "काढली. इथेच, दवाखान्यात. अक्काबाई आल्या होत्या सोबतीला. तपासायला दिली होती, साधी निघाली. काही नाही आता."

ती हे गॅसचा नंबर लावला अशा सुरात बोलली. नाथा तिच्या हाताकडे बघत राहिला. कुठल्या काखेत, हेही त्याला विचारता येईना.

"साधी निघाली नसती तर?"

"तर सांगितलं असतं."

"मी होतो की घरात," नाथा म्हणाला. "खिचडी करत होतो."

"हो," सरिता म्हणाली. "कळलं मला. योगेशने फोटो पाठवला होता."

त्या रात्री भामरे यांच्या घरात कुणीही आवाज चढवला नाही. सगळे जेवले. आरोहीने पोळी वाढताना त्याच्या पानावर जास्तीचं तूप घातलं. नाथाने ते नको म्हटलं नाही.

गुरुवारी तो सोडायला गेला. नाशिकरोड स्टेशनवर लताबाईही आल्या होत्या, डबा घेऊन. सरिताने सूचना दिल्या, योगेशने बॅगा चढवल्या, नाथा गोधडीचं गाठोडं धरून उभा राहिला आणि गाडी हलताना ते खिडकीतून आत दिलं. "अक्काला फोन कर पोचल्यावर," तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

आठवड्याभराने त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं की झालं ते झालं. इथून पुढे या घरात त्याला सगळं सांगायचं. काहीही असो. तो ओरडणार नाही, आणि चेहराही करणार नाही. कुणाला काही म्हणायचं आहे का? त्याने तीनदा विचारलं. कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

तेव्हापासून माहितीचा ओघ सुरू झाला आहे. गॅस संपला की सरिता सांगते. घंटागाडी येऊन गेली की सांगते. योगेश केस कापून आला की सांगतो, आणि किती वेळ बसावं लागलं तेही सांगतो. लताबाई जिन्यात थांबवून त्याला वरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी कळवतात. एकदा सरिताने त्याला लिलावाच्या ऐन गर्दीत फोन करून दही लागलं नसल्याचं सांगितलं. ट्रॉलीच्या कडेवर उभ्या नाथाने ते ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि पुकारा पुढे चालू केला.

"काय भाऊ, घरचा फोन?" पुंजाने खालून विचारलं.

"हो. सगळं सांगतात आता."

"लय भारी. आमच्यात कोन काय सांगत नाय."

नाथाने व्रत सोडलेलं नाही. येत्या पाडव्याला वर्ष होईल. बाजारात त्याचं नाव आहे; घरी शांतता राखणारा माणूस म्हणून लोक त्याचा दाखला देतात.

आरोहीचा फोन रोज संध्याकाळी येतो. तो सरिताच्या नंबरवर येतो. सरिता तो घेऊन गॅलरीत जाते आणि दार लावून घेते.